टपावरची बारा भोकं



आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. पण ती फिरून फिरून बियाण्यापाशीच येते, म्हणून इथंच लिहितोय. थोडी लांबलीय, सवडीनं वाचा.

आमच्या दारात २००६ सालची बोलेरो आहे. आबांनी घेतलेली. त्याआधी आबांची ट्रॅक्स होती आणि कोल्हापूर-कळे-गगनबावडा रस्त्याला वडाप. वडाप म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. नऊ जणांच्या जागेत पंधरा, मागच्या फळीवर दोघं लोंबकळत, आणि टपावर कोंबड्यांची पाटी, गुळाचे रवे, दुधाच्या किटल्या. बाजाराच्या दिवशी तरणी पोरंसुद्धा टपावर. टपावर माणूस बसवायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं बंदी आहे, कलम १२३. पण तेव्हा शेवटची गाडी चुकली तर मुक्कामच, त्यामुळं कायदा कुणाच्या ध्यानात?

बोलेरो आली तेव्हा वडाप बंद केलं होतं, पण आबांची सवय सुटली नव्हती. गाडी घरी आली त्याच आठवड्यात शहरात नेऊन टपावर कॅरिअर ठोकून आणला. एक इंची पाइपचा, पिवळा धमक, सहा पायांचा. एका पायाला दोन बोल्ट. सहा दुणे बारा. नव्याकोऱ्या गाडीच्या टपाला आरपार बारा भोकं.

पत्र्याच्या कडेच्या पन्हळीला चिमट्यानं धरणारा कॅरिअर मिळतो. त्याला भोक पाडावं लागत नाही. मी तसं म्हटलं होतं. आबा म्हणाले, "चिमट्यावर वजन तोलतंय व्हय? बोल्ट म्हंजे बोल्ट."

खोटं कशाला बोलू, त्या कॅरिअरनं काम बक्कळ केलं. ठिबकच्या नळ्यांची बंडलं, वीस फुटी पीव्हीसी पाइप, उसाच्या रोपांचे ट्रे, वैरणीचे भारे, बहिणीच्या लग्नातलं कपाट. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांची धोक्याची खूण कधीच ओलांडून गेली होती. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी, इकडं कुंभी फुगलेली. आमच्या खालच्या आळीतली माणसं माळावर हलवली, तेव्हा चार घरांची धान्याची पोती, ट्रंका आणि देव्हारे याच कॅरिअरवर ताडपत्रीखाली बांधून नेले. सात खेपा केल्या. आबांनी स्वतः दोर आवळले. म्हणून त्या कॅरिअरला घरात कुणी नाव ठेवायचं नाही, असा एक न बोललेला नियम होता.

पण त्या सात खेपांत गाडी खड्ड्यातनं गेली, दगडांवरनं गेली, आणि कॅरिअरचे पाय टपावर हलायला लागले.

हे नीट समजून घ्या, कारण तुमच्याही गाडीला असलंच असणार. टपाचा पत्रा कागदासारखा, जेमतेम मिलिमीटरभर. त्यावर पाय ठेवून बोल्ट आवळला की भोकाभोवती पत्रा दबतो आणि बशीसारखा खळगा तयार होतो. पाऊस पडला की पाणी त्याच खळग्यात साठतं, म्हणजे नेमकं भोकाच्या तोंडावर. वरचं वजन हिंदकळलं की भोक रुंद होतं, रंग सोलतो, उघड्या लोखंडाला गंज धरतो. गंज फुगतो आणि उरलेला रंग उचलतो. मग पाणी बोल्टाच्या आट्यांवरनं आत उतरतं. यात गाडीचा दोष काही नाही. भोकं आम्ही पाडली.

पहिल्यांदा आतल्या छताच्या लायनिंगला चहाच्या रंगाचा डाग दिसला. मग मागच्या शिटावर थेंब पडायला लागला. पोरगं डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून शाळेला जायचं आणि आम्ही हसायचो. उपाय केला तो आपल्या सगळ्यांचा ठरलेला: एम-सील. पायांच्या बुडाला लिंपून टाकलं. एक पावसाळा बरा गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्याला केसासारख्या भेगा. टप उन्हात तापतो, रात्री गार होतो, पत्रा वाढतो-आवळतो, गाडी हादरते. एम-सील वाळलं की दगड. ते पत्र्याबरोबर हलत नाही, मग सुटतं. त्यात मी ते गंजावरच लावलेलं. गंजावर लावलेलं काहीही गंजालाच चिकटतं, पत्र्याला नाही.

त्यावर सिलिकॉनची ट्यूब पिळली. तीच, जिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो वास आम्लाचा असतो आणि उघड्या लोखंडाला ते आम्ल गंज चढवतं. वरनं सिलिकॉनवर रंगही बसत नाही. म्हणजे एका चुकीवर दुसरी.

आता मूळ गोष्टीवर येतो.

जून २०२४. माझे दाजी हातकणंगले तालुक्यातले, आक्का तिकडं दिलीय. त्यांना तीन एकरांत सोयाबीन करायचं होतं. माझ्याकडं फुले संगमचं घरचं बियाणं होतं, के.डी.एस. ७२६. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण बघितली होती, ८४ उगवले. सोयाबीनला ७० च्या वर असलं की बियाणं चांगलं धरतात. एकरी तीस किलोप्रमाणं तीन पोती भरली आणि आदल्या रात्री गाडीत मागं टाकली, पहाटे निघायचं म्हणून. रात्री पाऊस लागला. गाडी अंगणात उघड्यावर.

सकाळी बघतो तर एका पोत्याचा वरचा भाग ओला, दुसऱ्याचा बुडखा ओला. तिसरं हाताला कोरडं लागलं. मी दोन्ही पोती सोप्यात पसरली, पंखा लावला, दुपारपर्यंत हाताला कोरडं लागायला लागलं. काही दाण्यांच्या सालीला सुरकुत्या पडल्या होत्या. ते मी बघितलं. बघूनही पोती शिवली, संध्याकाळी दाजींच्या दारात उतरवली आणि सांगितलं, "८४ टक्के उगवण हाय, डोळं झाकून पेरा."

पुन्हा चाचणी घेतली नाही. घेतली असती तर चार-पाच दिवस गेले असते आणि वाफसा निघून गेला असता, असं मी मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. घरचं बियाणं देतो म्हणून मी दोन महिने मिरवलो होतो.

आपल्यातल्या कृषी सहायकांना हे सांगायला नको, पण शेतकरी भावांसाठी लिहितो. सोयाबीनची साल पातळ असते आणि अंकुर सालीच्या लगेच आत असतो. दाणा एकदा पाणी पिऊन फुगला आणि परत वाळला की आतनं मार बसलेला असतो. वरनं तो चांगला दिसतो, खायला चालतो, तेलाला चालतो, पेरायला चालत नाही. ज्वारी-गव्हाचा हिशोब इथं लावू नका.

दाजींचं रान जेमतेम तिसरा हिस्सा उगवलं. पेरणीनंतर एक जोराचा पाऊस झाला होता, जमिनीला पापुद्रा आला होता. दाजी फोनवर म्हणाले, "पावसानं घात केला, पाव्हणं." मी म्हटलं, "व्हय, यंदा सगळीकडं तसंच हाय." त्यांनी बाजारातनं बियाणं आणून दुबार पेरणी केली. आक्काची गणपतीतली खरेदी त्यात गेली, हे मला आईकडनं कळलं.

ते वर्ष तसंच गेलं. गाडी गळत राहिली, मीही गप्प राहिलो.

एप्रिल २०२५ मध्ये मागचा डावा पाय हाताला हलायला लागला. वाकून बघितलं तर पत्रा भोकापासनं बोटभर फाटला होता. आबांना दाखवलं. मला वाटलं होतं वाद होईल. त्यांनी पाय धरून दोनदा हलवला, टपावर टिचकी मारली आणि म्हणाले, "काढ."

काम दोघांनी केलं. मी शिडीवर, आबा आत शिटावर. चौऱ्याहत्तर वय, डोळ्याला कमी दिसतं, पण हातात पाना दिला की माणूस वेगळाच.

आधी लायनिंग उतरवलं. कडेच्या पट्ट्या, दिवा, हँडल सोडवून ते मागच्या दारातनं सावकाश काढायचं. मोडायचं नाही, परत बसवायचं असतं. आदल्या रात्री सगळ्या नटांना तारेचा ब्रश मारून गंज सोडवायचं तेल टाकून ठेवलं होतं. बारापैकी आठ बोल्ट तेरा नंबरच्या पान्यानं सुटले, आत आबांनी नट धरायचा, वरनं मी फिरवायचा. उरलेले चार जागेवर फिरायला लागले. ते ग्राइंडरनं कापले.

ग्राइंडरबद्दल काही गोष्टी लक्षात ठेवा. बॅटरीची तार आधी काढा. आत फोम, कापड, वायरी असतात, म्हणून लायनिंग काढल्याशिवाय ठिणगी पाडू नका आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा. काचांवर ओलं पोतं टाका, नाहीतर ठिणग्या काचेत रुततात आणि ते टिपके निघत नाहीत. काम झालं की लोखंडाचा चुरा टपावरनं झटकून धुवून काढा. राहिलेला प्रत्येक कण एका पावसात गंजाचा ठिपका होतो.

असं चाललं असताना आबा आतनं म्हणाले, "हे बघ."

लायनिंग निघाल्यावर टपाच्या आतल्या आडव्या पट्टीवर पाण्याची वाट दिसत होती. पुढच्या पायाच्या भोकातनं पाणी आत यायचं, पट्टीवरनं मागं वाहत जायचं आणि हातभर लांब, मागच्या शिटाच्या वर टपकायचं. मी इतकी वर्षं डागाच्या बरोबर वरचं भोक लिंपत होतो. गळती तिथं नव्हतीच.

आबांनी त्या वाटेवरनं बोट फिरवलं. मग विचारलं, "दाजींचं सोयाबीन हितंच भिजलं न्हवं?"

मी शिडीवर होतो, तोंड दिसत नव्हतं ते बरं झालं. म्हटलं, "व्हय."

"सांगितलंस त्यास्नी?"

"न्हाई."

आबा काही बोलले नाहीत. पुढच्या नटाला पाना लावला आणि म्हणाले, "फिरव."

कॅरिअर उतरला. गुऱ्हाळावरच्या काट्यावर घातला, ४६ किलो भरला. मोकळा असतानाही एवढं वजन एकोणीस वर्षं टपावर फिरत होतं.

आता भोकांचं. मी शहरात उद्यमनगरातल्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या मिस्त्रींना विचारलं. त्यांनी एम-सीलचं नाव काढताच हात जोडले. ते म्हणाले, आधी प्रत्येक भोक घासून चकाकता पत्रा दिसेपर्यंत या, मग ठरवू. पॉलिश पेपरनं घासलं. नऊ भोकांभोवती पत्रा शाबूत निघाला, तिघांभोवती खाल्लेला.

ती तीन भोकं वेल्डिंगनं बंद केली. खाल्लेला भाग कापून साध्या लोखंडी पत्र्याची ठिगळं बसवली, एकदम ओढत न नेता टाके टाकत, मधे गार होऊ देत. पातळ पत्रा एकदम तापला तर टप लाटेसारखा वाकतो. मग पुट्टी, प्रायमर, रंग. आतल्या बाजूनंही प्रायमर मारला. बरेच जण आतली बाजू विसरतात, आणि वेल्डिंगच्या जागेला गंज तिथनंच धरतो.

उरलेल्या नऊ भोकांना वेल्डिंगची गरज नव्हती. ती कशी बंद केली ते क्रमानं:

१. भोकाभोवती रुपयाच्या नाण्याच्या दुप्पट जागा घासून घेतली, थिनरनं पुसली. दबलेला खळगा आतनं लाकडी ठोकळा लावून हलक्या हातानं वर उचलला. हे महत्त्वाचं, पाणी साठायलाच नको.

२. भोकाच्या कडेला, आत आणि बाहेर प्रायमर. पूर्ण वाळू दिला.

३. चपट्या डोक्याचा आखूड स्टेनलेस बोल्ट, त्याखाली रुंद वायसर, त्याखाली काळा रबरी वायसर. आपण शेडच्या पत्र्याला स्क्रू मारतो त्याला असतो, तसलाच रबर.

४. रबराखाली आणि भोकाच्या कडेला पीयू सीलंट. गाडीच्या काचा चिकटवायला वापरतात त्या जातीचा. वाळला तरी रबरासारखा लवचिक राहतो आणि त्यावर रंग बसतो. उन्हानं तो हळूहळू मरतो, म्हणून वरनं रंग द्यायचाच.

५. आवळताना रबर वायसरच्या कडेनं जरासा बाहेर डोकावला की थांबायचं. जास्त आवळला की रबर चिरतो. शेडवरही हीच चूक करतो आपण.

६. एक दिवस-रात्र गाडी हलवली नाही. मग रंग.

शेडचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पन्हाळी पत्र्याला स्क्रू नेहमी उंचवट्यावर मारतात, नाळीत नाही, कारण पाणी नाळीतनं वाहतं. हे मला वयाच्या दहाव्या वर्षापासनं ठाऊक आहे. आणि गाडीच्या टपावर मी एवढी वर्षं खळग्यात पाणी साठू दिलं.

तपासणी फवारणीच्या पंपानं केली. लायनिंग बसवायच्या आधी. आत पट्ट्यांवर कोरडे वर्तमानपत्राचे कागद चिकटवले, पोरगं बॅटरी घेऊन आत बसलं. मी एका वेळी एकच भोक, पाच-पाच मिनिटं, टपाच्या खालच्या उताराकडनं वर जात भिजवलं. वरनं सुरुवात केली की पाणी सगळीकडं पसरतं आणि गळती कुठली ते कळत नाही. सातव्या भोकापाशी पोरगं ओरडलं, "पप्पा, कागद भिजला!" तो बोल्ट काढला, रबर तिरका बसला होता. परत बसवला, परत भिजवलं, कोरडा. मग लायनिंग चढवलं.

दुसऱ्या दिवशी दाजींकडं गेलो. गाडी त्यांच्या दारात लावली. दाजी टपाकडं बघून म्हणाले, "आवो पाव्हणं, गाडीची टोपी कुठं गेली?"

चहा व्हायच्या आत सांगून टाकलं. पोती भिजली होती, मला दिसलं होतं, चाचणी घेतली नाही, आणि पावसावर घातलं. दुबार पेरणीच्या बियाण्याचे पैसे पाकिटात घालून नेले होते, ते पुढं ठेवले. आक्का आत चुलीपाशी होती, भांड्यांचा आवाज थांबला.

दाजी बराच वेळ पाकिटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पोतं सोडलं तवाच मला कुबट वास आलता. म्हटलं, पाव्हणं कशाला वंगाळ देतील. मी तरी कुठं चाचणी घेतली?"

पैसे त्यांनी घेतले. निम्मे ठेवून निम्मे परत दिले. "माझ्या नाकाचं निम्मं," म्हणाले. आक्कानं मात्र निघताना हातावर भाकरीचं गाठोडं दिलं, पण बोलली नाही. पार दिवाळीला बोलली. तेही बरोबरच आहे.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन बसला, तुम्हाला आठवत असेल. मशागतीची सगळ्यांचीच दैना झाली. आमची गाडी अंगणात आठ-आठ दिवस भिजत होती. रोज सकाळी मी मागच्या शिटावर हात फिरवून बघायचो. कोरडं. जूनमध्ये दाजींना परत बियाणं दिलं. त्यांनीच मागितलं. यावेळी चाचणी दोन्हीकडं झाली. माझ्याकडं ८१, त्यांच्याकडं ७९. त्यांनी कागदावर लिहून फोटो पाठवला. तेवढा विश्वास परत यायला तेवढा कागद लागणारच.

तर मंडळी, बियाणं देणाऱ्यानं उगवण बघावी आणि घेणाऱ्यानंही बघावी. शंभर दाणे आणि एक ओलं पोतं, खर्च काही नाही. नातं कितीही जवळचं असलं तरी बघावी, जवळचं असलं तर जास्तच बघावी. आणि वाटेत पोतं भिजलं तर भिजलं म्हणून सांगावं.

कॅरिअर भंगारात द्यायला निघालो होतो. आबांनी दिला नाही. दोन दिवस पाइप घासत बसले, रेड ऑक्साइड मारला आणि कोठीच्या खोलीत उलटा न ठेवता सहा पायांवर तसाच उभा केला. वर फळ्या टाकल्या. आता बियाण्याची पोती त्यावर असतात, भुईच्या ओलीपासनं वीतभर उंच, भिंतीपासनं हातभर लांब. चारच्या वर थर लावू देत नाहीत.

परवा विचारलं, "आबा, आता तरी पटलं का, चिमट्याचा घ्यायला पाहिजे होता?"

म्हणाले, "चिमट्याचा असता तर आज पोती कशावर ठेवली असतीस?"